सिग्नल हिरवा, तरी गाडी का थांबली? ट्रेन सिम्युलेटरमधलं पीझेडबी समजून घेऊया

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "दादा, गेममध्ये बग आहे. लिमिट १४०, समोर हिरवा सिग्नल, मी ९० ने चाललोय आणि गाडीने स्वतःहून इमर्जन्सी ब्रेक मारला." सोबत स्क्रीनशॉट होता. गेम ट्रेन सिम वर्ल्ड, गाडी जर्मनीतली आणि डॅशबोर्डवर '८५' लिहिलेला एक निळा दिवा.

तो बग नव्हता. दिवा ८५ म्हणत होता आणि गाडी ९० वर होती, त्यामुळे ब्रेक लागणारच. पण हिरव्या सिग्नलसमोर हा ८५ आला कुठून, हे कळायला गेमच्या ट्युटोरियलपेक्षा थोडं जास्त खोलात जावं लागतं. यूट्यूबच्या कमेंट्समध्ये सगळ्यात जास्त शिव्या याच सिस्टिमला पडतात. माझ्या मते मात्र एकदा लॉजिक डोक्यात बसलं की पूर्ण गेममध्ये हिच्यासारखी मजा दुसऱ्या कशातच नाही. चला तर मग.

आपले डोळे भारतीय, सिग्नल जर्मन

आधी रंग. आपल्याकडे डबल यलो दिसला की ड्रायव्हर समजतो, पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेवा. नुसता एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. म्हणजे डबल यलो हा त्या मानाने सौम्य इशारा.

जर्मनीच्या जुन्या पद्धतीच्या सिग्नलमध्ये तिरके लावलेले दोन पिवळे दिवे दिसले, तर अर्थ सरळ आहे: पुढचा मुख्य सिग्नल लाल आहे असं समजा. भारतीय गेम खेळून आलेला माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटतं अजून वेळ आहे आणि प्रत्यक्षात ब्रेक लावायला हवा तो आत्ताच. नव्या पद्धतीच्या सिग्नलमध्ये हेच काम एक पिवळा दिवा करतो. ते आपल्या सवयीशी जुळतं, म्हणून सुरुवात नव्या सिग्नलच्या मार्गावर करा.

दुसरा मोठा फरक आकड्यांचा. आपल्याकडे गाडी मेन लाइन सोडून बाजूला वळणार असेल, तर सिग्नलच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागते. ती फक्त कुठे जायचं ते सांगते. त्या वळणावर वेग किती ठेवायचा, ते लोको पायलटला मार्ग शिकताना पाठ झालेलं असतं. जर्मन सिग्नल उलटं करतो. कुठल्या लाइनवर जाणार हे तो बहुतेक वेळा सांगत नाही, पण वेग सांगतो. पांढरा '६' म्हणजे या सिग्नलपासून ताशी ६० किमी. पिवळा '६' म्हणजे पुढच्या सिग्नलपासून ६०, तयारी आत्ता करा. नव्या सिग्नलमध्ये पिवळ्या आकड्यासोबत हिरवा दिवा लुकलुकतो. हा लुकलुकणारा हिरवा बघून वेग वाढवणारे बरेच जण मी पाहिलेत. तो वेग कमी करायला सांगत असतो!

आणि हो, पांढऱ्या आकड्याची मर्यादा शेवटचा डबा सांधे ओलांडून बाहेर येईपर्यंत पाळायची असते. तुमची गाडी २०० मीटर लांब असेल, तर इंजिन सांध्यांच्या बाहेर आल्यावरही २०० मीटर थांबा, मगच वेग वाढवा.

रुळाशेजारचा डबा

आता पीझेडबी. हे नाव लांबलचक जर्मन शब्दांचं लघुरूप आहे. साधा अर्थ: ठरावीक बिंदूंवर गाडीवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा. 'ठरावीक बिंदूंवर' हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

रुळाच्या उजव्या बाजूला, सिग्नलजवळ, एक चपटा डबा बसवलेला असतो. त्याला मॅग्नेट म्हणतात. आत वायरचं वेटोळं आणि कपॅसिटर, बस्स. त्याला विजेचं कनेक्शन लागत नाही. गाडीच्या पोटाखाली दुसरं वेटोळं असतं आणि ते सतत तीन फ्रिक्वेन्सी सोडत असतं: ५००, १००० आणि २००० हर्ट्झ. गाडी डब्यावरून गेली की डबा ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला आहे तिची थोडी ऊर्जा खेचून घेतो. गाडीला तो करंटमधला फरक कळतो. सिग्नल मोकळा असेल तेव्हा डब्यातलं सर्किट शॉर्ट केलेलं असतं, त्यामुळे काहीच घडत नाही. शॉर्ट करणारा संपर्क बिघडून उघडा राहिला, तर डबा आपोआप 'धोका' म्हणतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत फेल-सेफ हा शब्द शंभर वेळा ऐकला असेल, पण त्याचं इतकं स्वस्त आणि मस्त उदाहरण एकाही पुस्तकात मिळालं नव्हतं. ही मूळ कल्पना १९३० च्या दशकातली आहे.

कुठला डबा कुठे असतो? १००० हर्ट्झचा इशारा देणाऱ्या सिग्नलपाशी, म्हणजे मुख्य मार्गांवर साधारण १००० मीटर आधी. ५०० हर्ट्झचा मुख्य सिग्नलच्या १५० ते २५० मीटर आधी. आणि २००० हर्ट्झचा थेट मुख्य सिग्नलपाशी.

१००० हर्ट्झ: इथून घड्याळ सुरू

पिवळ्या सिग्नलवरून गाडी गेली की कॅबमध्ये आवाज येतो. ४ सेकंदांच्या आत 'पाहिलं' असं सांगणारं बटण दाबायचं. पीसीवर डिफॉल्ट की पेज डाऊन आहे. नाही दाबलं तर इमर्जन्सी ब्रेक.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण बटण दाबलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि तिथेच खेळ संपतो. दाबल्या क्षणापासून यंत्रणा तुमचा वेग तपासायला लागते. नेहमीच्या प्रवासी गाडीसाठी (हा 'ओ' मोड) मर्यादा १६५ वरून उतरत उतरत २३ सेकंदांत ८५ वर येते. त्या उतरत्या रेषेच्या वर गेलात की ब्रेक. ८५ ची मर्यादा मग डब्यापासून १२५० मीटरपर्यंत चालू राहते.

आता मावसभावाचा प्रश्न सुटतो. तो पिवळ्यावरून गेला, तेव्हा पुढचा सिग्नल लाल होता. अर्ध्या मिनिटात तो हिरवा झाला. भावाने डोळ्यांनी पाहिला आणि वेग वाढवला. पण यंत्रणेला डोळे नाहीत. तिला मधल्या जागेत काहीच कळत नाही, फक्त शेवटच्या डब्याने काय सांगितलं तेवढं आठवतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, नवा डेटा येईपर्यंत ती जुन्या कॅशवर चालते. आणि हा कॅश मुद्दाम निराशावादी ठेवलेला आहे.

८५ हे टार्गेट नाही

हा भाग नीट वाचा, कारण गेमचे गाइड हे सांगताना मला फारसे दिसले नाहीत. बरेच जण निळ्या दिव्यावरचा आकडा बघून ब्रेक लावतात: २३ सेकंदांत ८५ गाठायचे ना, मग गाठतो बरोबर २३ व्या सेकंदाला. गणित करून बघू.

तुम्ही १६० ने येताय. २३ सेकंदांत एकसारखा वेग कमी करत ८५ वर आलात. सरासरी वेग १२२ च्या आसपास, म्हणजे या वेळात तुम्ही जवळपास ७८० मीटर गेलात. मुख्य सिग्नल उरला २२० मीटरवर आणि तुम्ही अजून ८५ वर! एवढ्या अंतरात थांबायचं तर आत्तापर्यंत लावला त्याच्या जवळजवळ दीडपट जोराचा ब्रेक हवा. त्याआधीच, २५० मीटरवर, ५०० हर्ट्झचा डबा वाट बघत बसलेला असतो. तो म्हणतो, माझ्यावरून जाताना ६५ च्या वर असाल तर लगेच ब्रेक. तिथून पुढच्या १५३ मीटरमध्ये मर्यादा ४५ वर उतरते.

मग दुसरा विचार येतो: १००० मीटरमध्ये एकसारखा ब्रेक लावून बरोबर सिग्नलपाशी थांबू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण अकरावीचं फिजिक्स आठवा. एकसारख्या मंदनात वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात कमी होतो. तीन चतुर्थांश अंतर संपलं की वेगाचा वर्ग एक चतुर्थांश उरतो, म्हणजे वेग बरोबर निम्मा. १६० ने आलात तर ७५० मीटरवर तुम्ही ८० वर असाल. १४० ने आलात तर ७० वर. दोन्ही ६५ च्या वर, दोन्हीकडे इमर्जन्सी ब्रेक. १३० किंवा त्याहून कमी वेगाने आलात तरच ही पद्धत चालते.

थोडक्यात, ताशी १३० च्या वर असाल तर ब्रेक सुरुवातीला जोरात आणि शेवटी हलका लावा. १६० वरून ७५० मीटरमध्ये ६५ पर्यंत यायला दर सेकंदाला साधारण ४ किमी वेग उतरवावा लागतो. उरलेल्या २५० मीटरमध्ये त्याच्या सहा दशांश जोर पुरतो. त्यात ब्रेक लावल्यापासून तो पूर्ण धरेपर्यंत काही सेकंद जातात ते वेगळंच. म्हणून जाणकार खेळाडू पिवळा सिग्नल ओलांडायची वाट बघत नाहीत, तो दिसताक्षणी ब्रेक सुरू करतात. सिग्नल कुठे येणार याची खूण रुळाशेजारी असते: पांढऱ्या पाट्यांवर काळे तिरके पट्टे. तीन पट्टे म्हणजे इशारा सिग्नल २५० मीटरवर, दोन म्हणजे १७५, एक म्हणजे १००. धुक्यातली सर्व्हिस निवडलीत तर या पाट्या देवासारख्या वाटतात.

स्टेशनवरून सुटताना ४५ का?

दुसरी नेहमीची तक्रार. गाडी प्लॅटफॉर्मवर थांबली, दारं उघडली, बंद झाली, समोर हिरवा. निघाल्यावर ४५ ओलांडले की ब्रेक. यावेळी ७० आणि ८५ हे दोन निळे दिवे आळीपाळीने लुकलुकत असतात.

नियम असा: १००० हर्ट्झची तपासणी चालू असताना तुम्ही थांबलात, किंवा १५ सेकंदांहून जास्त वेळ ताशी १० च्या खाली रांगलात, तर मर्यादा ८५ वरून ४५ वर येते. ५०० हर्ट्झच्या डब्यानंतर थांबला असाल तर आणखी कडक, २५ पर्यंत.

इतका कडकपणा कशाला? २ फेब्रुवारी १९९० ला फ्रँकफर्टजवळच्या रुसल्सहाइममध्ये दोन लोकल गाड्या समोरासमोर धडकल्या आणि १७ माणसं गेली. त्यातली एक स्टेशनवर थांबून पुढे निघाली होती आणि लाल सिग्नलच्या दिशेने वेग घेत गेली. सिग्नलपाशी यंत्रणेने ब्रेक लावला, पण तोवर वेग इतका झाला होता की गाडी वेळेत थांबली नाही. जुन्या यंत्रणेत ही पळवाट होती: एकदा थांबून पुन्हा निघालात की पुढच्या डब्यापर्यंत तुम्हाला अडवणारं कोणी नाही. आज गेममध्ये आपल्याला वैताग आणणारा ४५ चा नियम ती पळवाट बुजवण्यासाठी आणलेल्या सुधारित आवृत्तीतला आहे. स्टेशनात १५ सेकंद थांबलेल्या ड्रायव्हरच्या मनातून मागचा पिवळा निघून गेला असू शकतो, हे गृहीत धरून तो लिहिला आहे. एखादा डेव्हलपर 'युजर विसरणार' हे धरून कोड लिहितो तसंच.

सुटका करून घेणारं बटण

पुढचा सिग्नल खरंच हिरवा दिसत असेल तर १२५० मीटर रांगत बसायची गरज नाही. डब्यापासून ७०० मीटर गेल्यावर '१०००' लिहिलेला पिवळा दिवा विझतो. त्यानंतर 'मोकळं करा' हे बटण, पीसीवर एंड की, दाबलं की मर्यादा उठते. भावाने एवढं केलं असतं तर गाडी ९० ने चाललीच असती.

पण हे बटण म्हणजे तुमची सही आहे. दाबलंत आणि १२५० मीटरच्या आत चालू असलेला ५०० हर्ट्झचा डबा लागला, म्हणजे सिग्नल प्रत्यक्षात हिरवा नव्हताच, तर वेग कितीही असो, ताबडतोब ब्रेक. यंत्रणा जणू विचारते की सिग्नल मोकळा आहे असं तू कशाच्या जोरावर म्हणालास? त्यामुळे सिग्नल वळणामागे लपला असेल, तर दिवा विझला तरी बटणाला हात लावू नका. शेजारच्या लाइनचा हिरवा आपला समजून बटण दाबणं हा या गेममधला सगळ्यात महागडा क्लिक आहे. ५०० हर्ट्झच्या तपासणीतून मात्र या बटणाने सुटका होत नाही, ती २५० मीटर भोगावीच लागते.

लाल तो लालच

२००० हर्ट्झवर फार बोलण्यासारखं काही नाही. लाल ओलांडला की ब्रेक, चर्चा नाही. कधीकधी सिग्नल बिघडतो आणि कंट्रोलकडून लाल ओलांडायची परवानगी मिळते. तेव्हा डिलीट की दाबून ठेवत ४० च्या आत हळूच पुढे जायचं. परवानगीशिवाय हे केलं तर सर्व्हिस तिथेच संपते.

गेममध्ये पीझेडबी बंद ठेवूनही गाडी चालवता येते. खऱ्या रुळांवर ते नसतं तेव्हा काय होतं, त्याचं उदाहरण हॉर्डोर्फ. २९ जानेवारी २०११ च्या रात्री पूर्व जर्मनीतल्या या गावाजवळ धुकं होतं. एका मालगाडीने लाल सिग्नल ओलांडला आणि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळली. १० जण मेले. त्या पट्ट्यात पीझेडबी बसवलेलंच नव्हतं, कारण तिथल्या वेगासाठी तेव्हाच्या नियमांत ते सक्तीचं नव्हतं. त्यानंतर नियम बदलला.

मालगाडीवरून आठवलं. वरचे सगळे आकडे चांगला ब्रेक असलेल्या गाडीचे आहेत. जड मालगाडीला मोड बदलतो: 'एम' मध्ये २९ सेकंदांत ७०, 'यू' मध्ये ३८ सेकंदांत ५५. म्हणूनच डॅशबोर्डवर ५५, ७० आणि ८५ असे तीन निळे दिवे असतात. इंजिन सुरू करताना कुठला निळा दिवा लागलाय ते आधी बघून घ्या.

आपल्याकडे काय आहे?

मुंबईच्या लोकलमध्ये याच धर्तीची एडब्ल्यूएस यंत्रणा आहे. तिथेही रुळाजवळच्या मॅग्नेटवरून गाडीला सिग्नल कळतो आणि मोटरमनने वेळेत वेग कमी केला नाही तर ब्रेक लागतो. 'कवच' ही त्याच्या पुढची पायरी. त्यात रुळांवरच्या टॅगमुळे गाडीला आपली जागा कळते आणि रेडिओवरून पुढची परिस्थिती येत राहते. त्यामुळे पुढचा सिग्नल मध्येच हिरवा झाला, तर ते कॅबमधल्या स्क्रीनवर येतं. जुन्या कॅशची भानगड तिथे फारशी उरत नाही.

ट्रेन सिम वर्ल्ड पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आहे, फोनसाठी नाही. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी यूट्यूबवर जर्मन गाड्यांचे ड्रायव्हरच्या कॅबमधून शूट केलेले व्हिडिओ काढा. आवाज चालू ठेवा, पट्ट्यांच्या पाट्या मोजा, पिवळा दिसला की मनात २३ पर्यंत आकडे म्हणा आणि ड्रायव्हर ८५ च्या खाली कितव्या सेकंदाला येतो ते बघा. बहुतेक वेळा तो तुमच्या आधी आलेला असतो. काही अडलं तर कमेंटमध्ये मार्गाचं नाव आणि डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट टाका, निळे दिवे दिसतील असा.